दुसरा टॅब उघडायला लावा

मॅडम, खोट्या वेबसाइट ओळखायला मुलांना कसं शिकवायचं, असं तुम्ही विचारलंत. त्यांना ‘ही साइट खरी की खोटी?’ असं थेट विचारू नका, ती रंगरूप बघून सांगतात. अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर राहणाऱ्या ऑक्टोपसची १९९८पासूनची बनावट साइट दाखवा. फोटो, अधिवास, ‘वाचवा’चं आवाहन, सगळं चोख! साइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान वाचून उपयोग नाही, ते साइटवाल्यांनीच लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडून, साइट चालवणाऱ्याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधू द्या. मुरलेले तथ्य-तपासनीस हेच करतात.

मग दहावीच्या निकालाची साइट घ्या. पत्त्याचा शेवट बघायला लावा: ‘गव्ह डॉट इन’ सरकारी संस्थांनाच मिळतं. मध्येच ‘गव्ह’ घुसवून शेवटी डॉट कॉम असेल, तर ती सरकारी नव्हे. पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह म्हणजे खरेपणाचा दाखला नाही, हे पटायला मुलांना वेळ लागतो. तो द्याच.