टोळीत ‘फक्त गाडीच्या पुढं चालणाऱ्या’ पोराचं पुढं काय होतं?

तुम्ही विचारलंय की चुलतभावाला रेतीवाल्यांनी रात्री टिप्परच्या पुढं मोटारसायकल चालवायचं काम दिलंय, तो ना चोरी करतो ना मारामारी, मग त्याच्या जिवाला खरंच धोका आहे का. आहे. पण तुम्ही समजताय तसा पोलिसांचा किंवा दुसऱ्या टोळीचा नाही. त्याच्यासोबत जेवायला बसणाऱ्यांचा आहे.

माझं नागभीड तालुक्यात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रेतीच्या आधी हेच काम दारूत चालायचं, तेव्हा जे पाहिलं ते सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागली. ती नुसती वरून लादलेली नव्हती. २०१० च्या हिवाळी अधिवेशनावर चिमूरहून नागपूरपर्यंत बाया पायी गेल्या होत्या. घरात काय भोगलं ते त्यांनाच ठाऊक. पण आमचा तालुका पडला सीमेवर. कानपा सोडलं की पुढं भिवापूर, म्हणजे नागपूर जिल्हा, आणि तिकडं दुकानं उघडी. वणीचा माल वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याकडं जायचा, आमच्याकडं भिवापूरचा आणि पवनीचा यायचा. ज्याच्याजवळ चारचाकी आणि ओळखी, तो शेठ झाला. ज्याच्याजवळ दुचाकी, तो त्याचा पोट्टा.

मी ज्याच्याबद्दल सांगतोय त्याचं नाव लिहीत नाही, त्याची माय अजून गावात आहे. दोन एकर धान, तेही पाणी आलं तर. कापणी झाली की घरातले सगळे तेलंगणात मिरची तोडायला जायचे. त्या वर्षी हा गेला नाही. अंगानं काडी, गाडीवर एकटाच दिसायचा, तरी मागचे शॉकअप सारखे बसलेले. चेन ताणलेली, मागचा टायर घासलेला. असली गाडी समोर आली की मेकॅनिकला काही विचारावं लागत नाही. एकदा मी ब्रेक लाइटची तुटलेली वायर जोडायला घेतली तर म्हणाला, “राहू दे भाऊ, ते जोडू नोको.” रात्री मागून लाल उजेड दिसू नये म्हणून ती त्यानंच तोडली होती.

आधी तो पोत्यात देशीच्या निपा, म्हणजे छोट्या बाटल्या, आणायचा. मग बढती मिळाली, पायलट झाला. पायलट म्हणजे माल असलेल्या गाडीच्या किलोमीटर-दोन किलोमीटर पुढं रिकाम्या हातानं चालणारा. कानात फोन, नाका दिसला की सांगायचं, मागची गाडी रानवाटेला वळते. त्याच्याजवळ काहीच सापडत नाही, म्हणून त्याला वाटायचं आपण सुटे आहोत. तुमच्या चुलतभावालाही तसंच वाटत असणार.

त्याला मी बिचारा म्हणणार नाही. बापाचं सोसायटीचं कर्ज त्यानं फेडलं हे खरं. पण गावातली एक म्हातारी मोहाची काढून विकायची, शेठची देशी तिच्यामुळं खपत नव्हती, तर यानं तिचा सडवा, म्हणजे दारूसाठी सडवलेला मोह, लाथेनं सांडला आणि तिच्या थोबाडीतही मारली. आईच्या वयापेक्षा मोठी बाई! त्या दिवशी मी त्याची गाडी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली, कारण शेठच्या सगळ्या गाड्या माझ्याकडंच यायच्या.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना दारू तस्करांनी गाडीखाली चिरडून मारलं. त्यानंतर पोलीस कसे वागले असतील ते सांगायला नको. नाके वाढले, रानवाटांवरही माणसं बसायला लागली. माल पकडला जाऊ लागला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. माल उधारीवर उचललेला असतो. त्याची पावती नसते, विमा नसतो, बुडाला म्हणून कुणी कोर्टात जाऊ शकत नाही. मग नुकसान कुणाच्या तरी अंगावर टाकावं लागतं. गाडीचा ड्रायव्हर आत गेलेला, गाडी ठाण्यात जमा. उरतो कोण? पायलट. पुढं चालत होता तर नाका दिसला कसा नाही? दिसला तर बोलला का नाही? बोलला नाही म्हणजे टिप यानंच दिली. शेठच्या वहीत ती रक्कम याच्या नावावर चढते, आणि खबऱ्या हा शिक्का एकदा लागला की पुसायची सोयच नाही. ‘मी नाही दिली’ याचा पुरावा कुणी कसा आणायचा?

यानं टिप दिली नव्हती असं मला वाटतं. त्या पट्ट्यात फोनला रेंज जाते हे तिथून जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पण ते ऐकायचं कुणाला नव्हतं. दोन-चार दिवसांनी त्याला हिशेबाला म्हणून नहराजवळ बोलावलं. बोलावणारे त्याच्याच ताटात जेवलेले. बैलगाडीच्या उभारीनं, म्हणजे लाकडी दांड्यानं, मारलं, मग कुऱ्हाड. सकाळी चारा आणायला गेलेल्या माणसाला तो धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, पडलेला दिसला, श्वास चालू होता. चंद्रपूरला नेता नेता गेला.

कागदावर ‘जुना वाद’ असं आलं. शेठ त्या रात्री बाहेरगावी लग्नात होता, त्याचे फोटोही होते. ज्यांनी पाहिलं ते कोर्टात फितूर झाले. आणि तेराव्यानंतर शेठचा माणूस मायकडं आला तो मोटारसायकल न्यायला, कारण तिचे हप्ते शेठनं भरले होते आणि वहीत बाकी दिसत होती.

मे २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली. काम थांबलं नाही. काहींचा मोर्चा ब्रह्मपुरीवरून वैनगंगेपलीकडं वळला, गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी आहेच. बाकीचे रेतीत गेले. तेच शेठ, तेच पायलट. पोलिसांसोबत आता महसूलच्या पथकावर नजर ठेवायची एवढाच फरक.

‘मी तर फक्त पुढं चालतो’ हे कायद्यातही फारसं चालत नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्यात टोळीचा सदस्य असणं हाच वेगळा गुन्हा आहे, किमान ५ वर्षं आणि किमान ५ लाख दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्येही सदस्याला तेवढंच आहे. एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली वाळू तस्कराला खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवता येतं.

चुलतभावाला उपदेश करू नका, ऐकणार नाही. त्याला तीन गोष्टी विचारा. गाडी कुणाच्या नावावर आहे आणि हप्ते कोण भरतंय? त्याच्या आधारवर कुणी सिम किंवा टिप्परचे कागद केलेत का? आणि टिप्पर पकडलं गेलं तर भरपाई कोण देणार, हे त्यानं कधी विचारलंय का? शेठचे पैसे अंगावर असतील तर ते आधी घरच्यांनी मिळून फेडा, चारचौघांसमोर, शक्यतो शेठच्या घरी जाऊन. बाकी ठेवून निघून गेलेल्या पोराला सगळ्यात आधी खबऱ्या म्हणतात. त्यानंतर काही महिने त्याला तालुक्याबाहेर कामाला पाठवा. धमकी आलीच तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. अटक झालेल्याला आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथून वकील फुकट मिळतो.