ॲसिटिलीन जावे, इथिलीन राहावे : हलक्या ओलेफिनांचे उत्प्रेरक

इथिलीन आणि प्रोपिलीन ही हलकी ओलेफिने तयार करताना आणि पॉलिमरच्या रिॲक्टरला चालतील इतके शुद्ध करताना उत्प्रेरकांशी जो रोजचा झगडा चालतो, त्याबद्दल आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : नॅफ्था किंवा इथेन फोडणाऱ्या भट्टीत कोणता उत्प्रेरक भरलेला असतो? (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी)

कोणताच नाही. वाफेबरोबरचे क्रॅकिंग निव्वळ उष्णतेवर चालते. नळ्यांतून बाहेर पडणारा वायू साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला असतो आणि तो आत सेकंदाचा काही दशांश भागच राहतो. नळीच्या मिश्रधातूतले निकेल मात्र नको असलेला उत्प्रेरक म्हणून काम करते. त्यावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, वाढतो आणि त्या कोकशी वाफेचा संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून फीडमध्ये (आत जाणाऱ्या कच्च्या मालात) किंवा वाफेत डायमिथाइल डायसल्फाइडसारखे गंधकाचे संयुग थोडे सोडतात. गंधक निकेलवर बसते आणि निकेलची ही खोड मोडते. मुद्दाम भरलेला उत्प्रेरक लागतो तो पुढे, शुद्धीकरणात.

प्रश्न : आमचा ॲसिटिलीन कन्व्हर्टर (ॲसिटिलीनला हायड्रोजन जोडून इथिलीन करणारा रिॲक्टर) डीमिथनायझरच्या, म्हणजे मिथेन आणि हायड्रोजन वेगळे काढणाऱ्या मनोऱ्याच्या, आधी आहे. डीकोक केलेली (कोक जाळून साफ केलेली) भट्टी लाइनवर घेतली की ॲसिटिलीन पुढे निसटते. इनलेटचे तापमान वाढवून ते आवरले की थोड्या वेळाने बेडचे (उत्प्रेरकाच्या थराचे) तापमान एकदम उसळते. उत्प्रेरक बदलायची वेळ आली का? (शिफ्ट इंजिनिअर)

तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून तरी उत्प्रेरक निर्दोष वाटतो. आधी कार्बन मोनॉक्साइडचा आलेख काढून पाहा.

या जागी येणाऱ्या वायूत हायड्रोजन भरपूर असतो, ॲसिटिलीन नष्ट करायला लागेल त्याच्या कितीतरी पट. तरीही सगळे इथिलीन इथेन होऊन जात नाही, याचे कारण उत्प्रेरकातल्या पॅलेडियमच्या पृष्ठभागावर जागेसाठी चालणारी चढाओढ. ॲसिटिलीन सर्वांत घट्ट चिकटते, त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड, आणि इथिलीन सर्वांत सैल. ॲसिटिलीन शिल्लक आहे तोवर जागा त्याची. ते संपत आले की कार्बन मोनॉक्साइड मोकळ्या जागा अडवते आणि इथिलीनला आत येऊ देत नाही. उत्प्रेरकातली चांदी हेच काम थोडे हलके करते, पण पहारा मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचाच.

आता तुमची घटना. डीकोक करताना नळीच्या आतला कोक हवा आणि वाफेने जळतो, धातू उघडा पडतो. ती भट्टी फीडवर घेतली की पहिले काही तास ती जादा कार्बन मोनॉक्साइड देते. कन्व्हर्टरमधल्या उत्प्रेरकाचा वेग मंदावतो आणि ॲसिटिलीन निसटते. ऑपरेटर इनलेट तापवतो, आणि त्या क्षणी ते बरोबरच असते. पुढे नळ्यांवर गंधक आणि कोकचा पातळ थर बसतो, कार्बन मोनॉक्साइड खाली येते, पण तापमान वरच राहिलेले असते. पहारा उठलेला, हायड्रोजन भरपूर आणि बेड गरम, मग इथिलीनच पेटल्यासारखे हायड्रोजन घेऊ लागते. ॲसिटिलीनचे इथिलीन होताना प्रतिमोल सुमारे १७२ किलोज्यूल उष्णता सुटते, इथिलीनचे इथेन होताना सुमारे १३७. फरक असा की ॲसिटिलीन एखाद्या टक्क्याच्या आसपास असते आणि लवकर संपते, इथिलीन संपत नाही.

करायचे ते असे. डीकोकनंतर फीड सोडण्याआधी, वाफेवर असतानाच नळ्यांना गंधकाचा डोस द्या. फीड टप्प्याटप्प्याने चढवा, म्हणजे त्या भट्टीचा वायू एकूण प्रवाहात हळूहळू मिसळेल. कन्व्हर्टरच्या इनलेटला कार्बन मोनॉक्साइडचा सतत चालणारा ॲनालायझर हवाच. दर काही तासांच्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर हे यंत्र चालवणे आम्हाला धोक्याचे वाटते. इनलेटचे तापमान एका वेळी एक-दोन अंशांनी हलवा, आणि कार्बन मोनॉक्साइड उतरू लागताच, बेडचे तापमान वाढायची वाट न पाहता, इनलेट खाली आणा. गंधकाचा अतिरेकही टाळा. कार्बन मोनॉक्साइड फार खाली गेले की तोच धोका दुसऱ्या वाटेने येतो.

आणि तापमान उसळलेच तर? इथे हायड्रोजन वेगळा बंद करता येत नाही, तो फीडमध्येच आहे. गरम रिॲक्टर इथिलीनसह दोन्ही बाजूंनी कोंडून ठेवणे ही सर्वांत वाईट चाल. दाबाखालचे इथिलीन पुरेसे तापले की ऑक्सिजन नसतानाही विघटन पावते आणि आणखी उष्णता सोडते. फीड बायपास करणे, रिॲक्टर वेगळा करणे, लगेच दाब फ्लेअरकडे (वायू जाळणाऱ्या चिमणीकडे) सोडणे आणि मग नायट्रोजन, हा क्रम ट्रिपच्या (आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) लॉजिकमध्येच असायला हवा, माणसाच्या आठवणीवर सोपवू नये.

प्रश्न : आमचा कन्व्हर्टर मागच्या टोकाला, डीइथनायझरनंतर (इथेन-इथिलीन जड घटकांपासून वेगळे करणाऱ्या मनोऱ्यानंतर) आहे. हायड्रोजन किती द्यावा, आणि उत्प्रेरक थकला हे कशावरून ओळखावे? (प्रोसेस इंजिनिअर)

इथे हायड्रोजन तुमच्या हातात आहे, म्हणून हिशेब सोपा. फीडमध्ये १ टक्का ॲसिटिलीन आणि १.५ टक्के हायड्रोजन धरा. सगळा हायड्रोजन खपला तर १ भाग ॲसिटिलीनला जातो आणि उरलेला अर्धा भाग इथिलीनचे इथेन करतो. म्हणजे १ भाग ॲसिटिलीनमागे इथिलीनची निव्वळ कमाई जेमतेम अर्धा भाग. थोडे ॲसिटिलीन आपापसांत जुळून ग्रीन ऑइल होते, तेवढी ती आणखी घटते. १ टक्का ॲसिटिलीनने बेड सुमारे ३० ते ३५ अंशांनी तापतो. वरच्या उदाहरणातली एकूण वाढ ४० ते ५० अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्ष वाढ याहून बरीच जास्त दिसली तर इथिलीन वाया जाऊन इथेन होते आहे असे समजा. म्हणूनच दोन-तीन बेड आणि मध्ये कूलर असतात. पहिल्या बेडने बहुतेक ॲसिटिलीन घ्यायचे, शेवटच्याने अगदी थोडे, पण थेट एक-दोन पीपीएमपर्यंत.

हायड्रोजन कमी देऊन निवडकता (इथिलीन न गमावता ॲसिटिलीनच घालवणे) मिळवण्याचा मोह होतो. तो एका मर्यादेपलीकडे महाग पडतो, कारण पृष्ठभागावर हायड्रोजन तुटपुंजा असला की ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडत सुटतात आणि ग्रीन ऑइल वाढते. हे तेल छिद्रांत साचते आणि इनलेटचे तापमान महिनोन्‌महिने थोडे थोडे वर न्यावे लागते. अशी सावकाश चढण हे थकव्याचे खरे लक्षण आहे. इनलेट डिझाइनच्या वरच्या टोकाला पोचला की बेड पुनरुज्जीवनाला घ्यावा. आधी वाफेने तेल उडवायचे, मग वाफेत अगदी थोडी हवा सोडून कोक जाळायचा, बेडमधली सर्वांत उष्ण जागा उत्पादकाच्या मर्यादेत ठेवत हवा वाढवायची, शेवटी थंड करून हायड्रोजनने क्षपण करायचे. घाईने जास्त हवा दिली की पॅलेडियमचे कण एकत्र येऊन मोठे होतात, आणि ते पुन्हा बारीक होत नाहीत.

ॲसिटिलीन एका रात्रीत निसटू लागले आणि बेडचे तापमान पडले, तर तो थकवा नव्हे. तुमचा हायड्रोजन मिथनेटरमधून (त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडचे मिथेन करणाऱ्या रिॲक्टरमधून) येत असेल तर आधी तिथे जा. मिथनेटर ढिला पडला की कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजनबरोबर सरळ कन्व्हर्टरमध्ये येते. मूळ दोष दुरुस्त झाला की उत्प्रेरक सहसा आपोआप सावरतो. अशा वेळी बेड उघडून पुनरुज्जीवन करणे हा वेळेचा आणि उत्प्रेरकाच्या आयुष्याचा अपव्यय आहे.

प्रश्न : प्रोपेनपासून प्रोपिलीन करायला क्रोमियम चांगले की प्लॅटिनम? (वाचक)

अभिक्रिया दोन्हीकडे एकच. प्रोपेनमधून हायड्रोजन काढायला प्रतिमोल सुमारे १२४ किलोज्यूल द्यावे लागतात, आणि वातावरणाच्या दाबाला ६०० अंशांच्या आसपाससुद्धा समतोल निम्म्याजवळच अडतो. फरक उष्णता कशी पोचवायची आणि कोक कसा काढायचा यात आहे.

क्रोमियम ऑक्साइड ॲल्युमिनावर बसवलेले असते आणि स्थिर बेडमध्ये, वातावरणापेक्षा कमी दाबाला चालते. काही मिनिटे उत्पादन, मग निष्कासन, मग गरम हवेने कोक जाळणे, मग क्षपण. एक पूर्ण फेरी अर्ध्या तासाच्या आत. कोक जाळतानाची उष्णता बेडमध्येच साठते आणि पुढच्या फेरीला उपयोगी पडते. त्यामुळे इथे कमकुवत कडी बहुधा व्हॉल्व्ह असतात. दिवसभर उघडझाप करणाऱ्या त्या मोठ्या व्हॉल्व्हची देखभाल ढिली पडली की हवा आणि हायड्रोकार्बन एकत्र येण्याचा धोका. फीडमध्ये वाफ चालत नाही, पाण्याने क्रोमियमच्या सक्रिय जागा अडतात. वापरलेल्या उत्प्रेरकात सहासंयुजी क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे, म्हणून धूळ उडू न देता उतरवावे लागते.

प्लॅटिनमबरोबर कथिल असते. कथिल प्लॅटिनमच्या मोठ्या सलग पट्ट्या तोडते, त्यामुळे कार्बन-कार्बन बंध फुटणे आणि कोक दोन्ही कमी होतात. उत्प्रेरकाचे गोळे रिॲक्टरांमधून सावकाश खाली सरकतात, वेगळ्या मनोऱ्यात कोक जाळला जातो आणि क्लोरीनच्या साहाय्याने प्लॅटिनम पुन्हा विखुरले जाते. क्लोरीनची ही पायरी कच्ची राहिली की प्रत्येक फेरीगणिक सक्रियता उतरते. प्लॅटिनमची किंमत मोठी, पण ते वापरलेल्या उत्प्रेरकातून परत मिळते, त्यामुळे खरेदीची किंमत पाहून निर्णय घेऊ नये. उत्प्रेरकाची धूळ किती होते आणि ती कुठे जाते, हा आकडा आधी मागवावा.

प्रश्न : फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकरमध्ये (जड तेल उत्प्रेरकाने फोडणाऱ्या यंत्रात) झेडएसएम-५ हे पूरक झिओलाइट (ॲडिटिव्ह) दुप्पट घातले, पण प्रोपिलीन जेमतेम वाढले. का? (रिफायनरीतले वाचक)

झेडएसएम-५ची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटरची, मुख्य उत्प्रेरकातल्या वाय झिओलाइटची ०.७४. अरुंद छिद्रांत पेट्रोलच्या पट्ट्यातली सरळ साखळीची ओलेफिने शिरतात आणि प्रोपिलीन, ब्युटिलीन होऊन बाहेर येतात. ही ओलेफिने वाय झिओलाइटने आधी तयार केलेली असायला हवीत. ती संपली की जादा झेडएसएम-५ला काम उरत नाही. वर, ॲडिटिव्हचा वाटा एकूण साठ्याच्या १० टक्क्यांपलीकडे गेला की मुख्य उत्प्रेरक पातळ होतो आणि रूपांतरणच घटते.

मुख्य उत्प्रेरकात विरळ मृदा धातू जास्त असतील तर तो ओलेफिनांना हायड्रोजन देऊन पॅराफिन करतो, म्हणजे झेडएसएम-५चे खाद्य वाटेतच जाते. आमच्या मते पुढची पोती उघडण्याआधी हे प्रमाण कमी करावे, रायझरचे (तेल फुटते त्या उभ्या नळीचे) तापमान वाढवावे आणि वाफ वाढवून हायड्रोकार्बनचा आंशिक दाब उतरवावा. अर्थात वेट गॅस कॉम्प्रेसरमध्ये (क्रॅकरमधून निघणारा वायू दाबणाऱ्या यंत्रात) जागा आहे का, तेही पाहावे. बऱ्याच ठिकाणी खरी अडचण तिथेच निघते.

प्रश्न : इथिलीन सुकवायला ४ए ऐवजी ३ए रेणू-चाळणीच (बारीक छिद्रांचे शोषकच) का? (प्रशिक्षणार्थी)

३ए मध्ये पाणी शिरते, इथिलीन नाही. ४ए मध्ये इथिलीनही शिरते. जागा तर अडवतेच, शिवाय शोषणाची उष्णता सोडते आणि बेड तापवून पुनरुज्जीवित करताना आतच जुळून कोक होते. ३ए सुद्धा तापवण्याआधी बेडमधले द्रव आणि ओलेफिन पूर्ण निष्कासित करायला हवे.

प्रश्न : आमच्याकडे येणारे प्रोपिलीन ९९.५ टक्के शुद्ध, तरी पॉलिमर उत्प्रेरकाची सक्रियता मध्येच कोसळते. (पॉलिमर प्लँटमधले वाचक)

टक्केवारी इथे काहीच सांगत नाही. कार्बोनिल सल्फाइडचा उत्कलनांक सुमारे उणे ५० अंश, प्रोपिलीनचा उणे ४७.६, म्हणून ऊर्ध्वपातनाने ते वेगळे निघत नाही. आर्सिन या आर्सेनिकच्या वायूचा उणे ६२.५, तेही प्रोपिलीनच्या वाटेने येते. पॉलिमरच्या उत्प्रेरकाला यांची दशलक्षात ०.०२ ते ०.०५ भाग इतकी मात्राही झोंबते. नमुना साध्या सिलिंडरात घेतला तर एवढी मात्रा सिलिंडरच्या भिंतीवरच चिकटून राहते आणि अहवाल स्वच्छ येतो. आतून निष्क्रिय लेप दिलेला सिलिंडर वापरा.

गार्ड बेड (ही विषे धरून ठेवणारे बेड) दोन, एकापाठोपाठ एक, आणि नमुना दोघांच्या मधून. पहिल्या बेडमधून विष निसटू लागले की दुसरा पुढे आणायचा, नवा मागे जोडायचा. कार्बोनिल सल्फाइड ॲल्युमिनावर पाण्याने फोडायचे असेल तर ते ड्रायरच्या आधी, कारण त्या अभिक्रियेलाच पाणी लागते. कोरड्या प्रोपिलीनवर थेट पकड करायला धातूंच्या ऑक्साइडचे बेड असतात, त्यात तांब्याचे ऑक्साइड आर्सिनही धरते. तांब्याच्या बेडवर मिथाइल ॲसिटिलीनची मात्रा उत्पादकाच्या मर्यादेत असल्याची खात्री करा. तांब्याची ॲसिटिलाइडे कोरडी झाली की धक्क्याने फुटतात.

नवा बेड भरताना द्रव प्रोपिलीन रिकाम्या पात्रात सोडू नका. ते उकळून पात्र उणे ४७ अंशांपर्यंत गार होते आणि साधे पोलाद ठिसूळ होते. आधी बाष्पाने दाब द्रवाच्या बाष्पदाबापर्यंत चढवा, शोषणाची उष्णता निघू द्या, मग द्रव घ्या. वापरलेला बेड नायट्रोजनखाली उतरवा. त्यातले क्षपित तांबे हवेत पेटू शकते, आणि आर्सेनिक असल्याने तो माल बंद पिंपांत, वेगळी नोंद करून, घातक कचरा म्हणूनच बाहेर जायला हवा.