वडिलांच्या २००१ च्या स्प्लेंडरमधून सकाळी टकटक आवाज येतो, मेकॅनिक बोअर करायला सांगतोय. करावं का?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे, "बाबांनी गाडीकडे कधी लक्षच दिलं नाही, असं घरात सगळे म्हणतात." त्या ओळीमुळे लिहायला बसले. बोअरचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठ्या मापाचा पिस्टन घालण्याचं, पुढे येईलच.

आमच्याकडे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हीरो होंडा सीडी हंड्रेड होती, १९९१ ची. तुमच्या स्प्लेंडरच्याच घराण्यातलं ९७ सीसीचं इंजिन. अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर, शाळा कासच्या रस्त्याला. रोज साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा. सातवीपर्यंत मी त्यांच्याच शाळेत होते, त्यामुळे मागच्या सीटवर बसून त्या गाडीचा प्रत्येक आवाज कानात बसलाय.

२००९ च्या थंडीत गाडी टकटक करायला लागली. किक मारली की मोठा आवाज, पाच-दहा मिनिटांत कमी, घाटात परत सुरू. दादा गाडी गॅरेजला घेऊन गेला. मेस्त्रींनी दोनदा रेस करून ऐकलं आणि सांगितलं, पिस्टन वाजतोय, बोअर करा. दादा घरी येऊन जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर म्हणाला, "तेल न बघता गाडी पळवली, दुसरं काय होणार!" त्या गाडीची जाहिरातच होती ना, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा आणि विसरा. दादाच्या मते अण्णा तेलही विसरले.

अण्णा एक शब्द बोलले नाहीत. कपाटात त्यांची वही होती. दर दोन हजार किलोमीटरला तेल बदललं की तारीख, मीटरचा आकडा आणि रुपये, सगळं त्यात. पहिल्या सर्व्हिसिंगपासून. त्यांनी ती काढून दाखवलीसुद्धा नाही.

मी म्हटलं, आवाज सिलिंडरमधून नाही, पुढून उजवीकडून येतोय. "तुला काय कळतंय गाडीतलं?" विषय संपला.

बोअर झालं. पॉइंट पंचवीस मिलिमीटर मोठा पिस्टन, नव्या रिंगा, साडेतीन हजार रुपये. गाडी घरी आली, दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी किक मारली आणि टकटक जशीच्या तशी.

त्या रविवारी मी बॅटरी घेऊन गाडीजवळ बसले. सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, जिथे दोन नटांनी बसतो, तिथे वरच्या पंखीवर काजळीचा काळा फराटा होता. एक नट ढिला. थंड इंजिन चालू करून तळहात थोडा लांब धरला तर फुक-फुक वारा लागत होता. आतली पॅकिंग रिंग चपटी होऊन एका बाजूला जळून गेलेली. नवी रिंग वीस रुपये. दोन्ही नट सारखे आवळले, आवाज गेला.

मेस्त्री का फसले तेही सांगते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, त्यामुळे गळक्या सांध्यातून येणारी टकटक अगदी टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या, तालात असते. थंडीत सांधा सैल, धातू तापून फुगला की फट मिटते, घाटात दाब वाढला की परत फुंकतो. आणि झिजलेला पिस्टनही थंडीतच जास्त वाजतो, लोड आला की वाजतो. नुसत्या कानाला फरक कळणं कठीण. पण कापडाचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी अर्धवट धरला की सांध्याचा आवाज एकदम टोकदार होतो, पिस्टनला त्याचं काहीच नसतं. थंड सांध्यावर साबणाचं पाणी सोडून गाडी चालू केली तर फेस येतो. मेस्त्रींना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी पाहिलं नाही, एवढंच.

म्हणून माझं स्पष्ट मत: नुसतं ऐकून बोअर सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नका. निळा धूर येतोय का? तेल कमी होतंय का? चढाला दम जातोय का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर बोअरला हात लावू देऊ नका. कापलेला सिलिंडर परत भरून मिळत नाही, पुढच्या मापाचाच पिस्टन घालावा लागतो, आणि ती मापंही मोजकीच असतात.

बाकी आवाज तुम्हाला माहीत असतीलच. क्लच दाबल्यावर खडखड थांबली तर क्लचकडे बघा. डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखा आवाज असेल तर इंजिनातली व्हॉल्व्ह चालवणारी टायमिंग चेन नाहीतर तिला ताणून धरणारा टेन्शनर. टॅपेट थंड इंजिनवरच सेट करून घ्या, त्याचा गॅप केसाएवढा असतो, अंदाजाने आवळणाऱ्याला थांबवा.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: खालून, क्रँककेसमधून जड ठोका येत असेल आणि लोडवर वाढत असेल तर हे सगळं सोडा, गाडी चालवू नका. तो कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा, आवाज असू शकतो आणि तिथे इंजिन उघडावंच लागतं. बोळ्याची चाचणी उघड्यावर करा, दोन-चार सेकंदच, सायलेन्सर तापायच्या आत.

दादा आजही म्हणतो की बोअर केलं म्हणून गाडी पुढे चालली. वही आता माझ्याकडे आहे. बोअरच्या नोंदीआधी तिच्यात अठरा वर्षांचं तेल आहे, एकही खाडा नाही. तुमच्या बाबांनाही विचारा, तेल कधी बदललं होतं. घरातल्या सगळ्यांच्या समोर विचारा.