मानग्याचा प्रश्न घेऊन तिमोरला

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटचे. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिला तिमोर-लेस्तेला जायचं आहे. एका एजन्सीनं सहा आठवड्यांची 'आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप' देऊ केलीय, सर्टिफिकेटही देतो म्हणतात. तिचे बाबा म्हणतात, एवढे पैसे घालायचेच तर सिंगापूरला पाठवू, चारचौघांत सांगता तरी येईल. याचा पुढं काही उपयोग होईल का? – एक आई

उत्तर : ताई, देश लेकीनं बरा निवडलाय. एजन्सी मात्र सोडा.

आधी एजन्सीचं बोलतो, कारण तिथं माझे हात एकदा पोळलेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका 'इंटर्नशिप'ला मी एका मुलाला हो म्हटलं होतं. दीड महिना तो तिथं पाहुण्यांचे फोटो काढत होता. जाडजूड कागदावरचं सर्टिफिकेट घेऊन परतला आणि पहिल्याच मुलाखतीत 'तिथं काय केलंत?' या प्रश्नाला अडला. पैसे भरून मिळालेला कागद समोरच्याला लगेच ओळखू येतो.

बाबांना सांगा, तिमोर गोव्याला परका नाही. १८४४ पर्यंत त्याचा कारभार पोर्तुगीज गोव्यातूनच चालायचा, नंतर तो मकावला जोडला. १९७५ ते १९९९ इंडोनेशियाचा ताबा, २००२ मध्ये स्वातंत्र्य, ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचं, सदस्यत्व. लोकसंख्या साधारण आपल्या गोव्याएवढी, जमीन चौपट. तिथल्या तेतुम भाषेत साबणाला साबाउन, चावीला शावी आणि बुटांना सापातू म्हणतात. हे शब्द पोर्तुगीजमधून आलेले, आपल्या सपाताही तिथल्याच. जाण्याआधी लेकीनं दोनशे शब्द पाठ केले तरी बाजारात अडणार नाही.

आता मुद्द्याचं. दुर्भाटची मुलगी, प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आणि देश तिमोर, हे जुळलंय कसं ते तिच्या लक्षात आलंय का, पत्रावरून कळत नाही. पौष अमावास्येला तुमच्याकडे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावर चिखलाचं मानगें, म्हणजे मगर, थापतात, शिंपल्या लावून सजवतात, पूजा करतात. तिमोरमध्ये मगरीला 'अवो' म्हणतात, म्हणजे आजोबा. एका पोरानं उन्हात तडफडणाऱ्या मगरीला पाण्यापर्यंत नेलं, पुढं ती त्याला पाठीवर घेऊन समुद्र फिरली आणि मरताना त्याला राहायला जागा म्हणून स्वतःच बेट झाली, अशी त्यांची कथा. गेल्या काही वर्षांत तिथं मगरींचे माणसांवरचे हल्ले वाढलेत. गावकऱ्यांपैकी कितीतरी जण सांगतात, आमचे आजोबा चावत नाहीत, चावणाऱ्या मगरी ऑस्ट्रेलियाहून पोहत आलेल्या. खरं काय, ते शास्त्रज्ञ शोधताहेत. पण ज्याला पुजायचं त्याच जनावराची भीती वाटायला लागली की माणसं काय करतात, हा प्रश्न झुआरी नदीकाठी वाढलेल्या मुलीनं विचारायचा नाही तर कुणी?

असा प्रश्न सिंगापूरच्या समर स्कूलमध्ये मिळत नाही. डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बंगळूरचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) इथं वन्यजीव विषयात एम.एस्सी. करायची असेल, तर मुलाखतीत देशाच्या नावापेक्षा तुम्ही काय पाहिलंत आणि त्यातून काय कळलं, ते विचारतात.

तेव्हा माझी अट एकच. पौष अमावास्येला अजून दीड महिना आहे. तोवर तिनं दुर्भाटातल्या दहा खाजन शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात. शेवटची मगर कधी दिसली, कुणाला कधी इजा झाली का, जाळ्यात सापडली तर काय करता, मानगें कोण थापतं, यंदा थापणार का? वही भरली तर तिमोरला जावं. कंटाळली तर तिकिटाचे पैसे वाचले.

वही भरली, तर ती विभागप्रमुखांना दाखवावी, त्यांच्याकडून पत्र घ्यावं आणि तिथली राजधानी दिली, तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या प्राध्यापकांना लिहावं. एका ईमेलला उत्तर येत नाही, चार पाठवावी लागतात. उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नका. गावात शिरताना 'शेफे सुकू'ला, म्हणजे गावप्रमुखाला, आधी भेटायचं. सोबत स्थानिक दुभाषा हवाच. आणि मगरीच्या जवळ जायचं नाही, माणसांच्या जवळ जायचं. आपल्याकडची मगर मूळची गोड्या पाण्यातली. तिथली खाऱ्या पाण्यातली आहे, आकारानं कितीतरी मोठी, समुद्रकिनाऱ्यावरही येते. कोलव्याला पाण्यात उतरतो तसं तिथं उतरायचं नाही, ही ताकीद तुम्हीच द्या.

सहा आठवडे नकोत, चार पुरेत. मे-जूनला दिलीच्या बाजूचा, उत्तर किनाऱ्यावरचा पाऊस ओसरलेला असतो. बालीमार्गे दिली गाठता येतं. चलन अमेरिकन डॉलर, माल बराचसा बाहेरून येतो, त्यामुळे गरीब देश म्हणजे स्वस्त देश असं धरून हिशेब करू नका. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. बिनपगारी मुलाखतींना वेगळी परवानगी लागते का, ते तिथल्या इमिग्रेशन खात्याला लेखी विचारा. डासांपासून जपायचं, कारण डेंगी आहे, आणि रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. प्रवास विमा हवाच.

आल्यावर वीस पानांचा मराठी किंवा इंग्रजी अहवाल लिहायचा, दुर्भाट आणि तिमोर शेजारी शेजारी मांडून. तो बायोडेटाला जोडा. चारचौघांत काय सांगायचं ते बाबांनाही त्यातच सापडेल.

पहिली मुलाखत घरातल्याच कुणा म्हाताऱ्या माणसाची घ्यायला सांगा. पोरांनी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलेलं नसतं.