‘झोंबीचा पिक्चर पोराले पाहू देऊ काय?’

आठवी ते दहावीतल्या मुलांच्या आया हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात. मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात, त्यांना झोंबी म्हणतात. असे सिनेमे वेगवेगळे असतात, पण बोलता बोलता बरेचदा एकच जुनं नाव निघतं: जॉर्ज रोमेरो यांचा 1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. त्याचं कारण साधं आहे. प्रदर्शनाआधी या सिनेमाचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे तो सगळ्यांसाठी मोकळा झाला. म्हणून तो आज खेड्यातल्या फोनवरही फुकट आणि अख्खा मिळतो. आपल्याकडे थिएटरातल्या सिनेमाला 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए 7+, यूए 13+, यूए 16+ असे टप्पे आले आहेत. या मोकळ्या प्रतींवर मात्र वयाचा शिक्का बहुतेक वेळा नसतोच. तो निर्णय आईबापांवर येऊन पडतो.

माझं मत आधी सांगते. तेरा वर्षांच्या आत नको. तेरा-चौदाच्या मुलाला दाखवायचा तर मोठ्यांनी आधी स्वतः पूर्ण पाहावा आणि मग सोबत बसावं. पंधरा-सोळाच्या बहुतेक मुलांना तो झेपतो. पण नुसत्या वयावर निर्णय घेतला तर काय सुटून जातं, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलामुळे नीट सांगता येईल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत, चौदा पूर्ण. घरची चार एकर कपाशी-तूर, विहिरीवर थोडा हरभरा आणि गहू. हिवाळ्यात रानडुकरं आणि रोही हरभऱ्यात शिरतात, म्हणून जागल लागते. त्यात शेतीपंपाची लाइन आठवड्यातल्या काही रात्रीच येते. बाप ओलित करतो आणि मुलगा खोपडीत, म्हणजे वावरातल्या झोपडीत, शेकोटी अन् बॅटरी घेऊन बसतो. दोन हिवाळे हे बिनतक्रार चाललं होतं. या वर्षी दिवाळीनंतर मुलानं वावरात जायचंच सोडलं.

आई म्हणाली, “मॅडम, पोट्टा म्हणते पूर्ण पिक्चर पाहाचा हाये. आन् रात्री मोरीत जायले मले उठवते. पाहू देऊ काय त्याले?”

बापाचं म्हणणं सरळ होतं. “काई नाई मॅडम, जागल टाळाचे धंदे हायेत हे. शेवटचा आला तवा आठ दिवसाच्या पऱ्हाट्या एका रात्रीत जाळल्या यानं.”

पऱ्हाट्यांचं, म्हणजे जळणासाठीच्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मुलगा पहिल्या दोन भेटींत फार बोलला नाही. मी एवढंच विचारलं, पिक्चर कुठपर्यंत पाहिलास? तेव्हा कळलं की त्यानं सिनेमा पाहिलाच नव्हता. त्यानं पाहिला होता सिनेमाची गोष्ट हिंदीत समजावून सांगणारा दहा-अकरा मिनिटांचा व्हिडिओ, मित्राच्या फोनवर, चार जणांत एक इअरफोन वाटून घेऊन. आईबापांनी हा फरक ध्यानात ठेवावा. मूळ सिनेमा 96 मिनिटांचा आहे. त्यातला बराच वेळ माणसं खिडक्यांना फळ्या ठोकतात, रेडिओ ऐकतात, तळघरात लपायचं की वर थांबायचं यावर भांडतात. त्या संथ वेळात मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते. अशा व्हिडिओत ती जागा कापलेली असते आणि सगळ्यात वाईट तेवढंच एकापाठोपाठ समोर येतं. मूल म्हणतं “मी पिक्चर पाहिला”, आणि आपण चुकीच्या गोष्टीवर बोलत बसतो.

तर त्या सिनेमात नेमकं काय आहे? तो कृष्णधवल आहे. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, आणि हे मुलांना सांगितलं की त्यांना खरंच बरं वाटतं. पहिल्या दहा मिनिटांतच स्मशानभूमीत बहीणभावावर हल्ला होतो. बहीण एका एकट्या शेतघरात पळते, तिथं जिन्यावर कुरतडलेल्या चेहऱ्याचं प्रेत आहे. पुढं भेदरलेल्या बाईला नायक ठोसा मारून बेशुद्ध करतो. एक नग्न बाई काही क्षण पाठमोरी दिसते. खरा जड भाग शेवटच्या अर्ध्या तासात आहे. गाडीचा स्फोट होतो आणि बाहेरचे ते मेलेले आतल्या दोघांचं मांस खातात. मेलेला भाऊ परत येतो आणि स्वतःच्या बहिणीला ओढून नेतो. तळघरातली आजारी मुलगी मरून उठते, बापाचं मांस खाते आणि आईला खुरप्यासारख्या हत्यारानं मारते. रात्रभर टिकून राहिलेला नायक बेन सकाळी बाहेर डोकावतो, तर मदतीला आलेलेच लोक त्याला झोंबी समजून गोळी घालतात. मग स्थिर छायाचित्रांत त्याचं प्रेत हुकांनी ओढून सरणावर टाकतात. सुटकेचा निःश्वास कुठंच नाही.

हा सिनेमा ऑक्टोबर 1968 मध्ये आला, आणि अमेरिकेत सिनेमांना वयानुसार दर्जा देणं सुरू झालं नोव्हेंबरमध्ये. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी लहान मुलांनी भरलेल्या त्याच्या एका खेळाबद्दल लिहून ठेवलं आहे. सुरुवातीला मजेत किंचाळणारी मुलं नंतर पार गप्प झाली होती, आणि नऊएक वर्षांची एक मुलगी जागेवर न हलता रडत होती. तेरा वर्षांखाली नको असं मी म्हणते ते त्यामुळेच. लहान मूल भ्यायलं तर ओरडेल असं आपण धरून चालतो. जे खरंच घाबरतं ते पुष्कळदा हलत नाही.

शिवाय आपल्या भागातल्या मुलासाठी या सिनेमात एक जास्तीची गोष्ट आहे, जी शहरातल्या पालकांना जाणवणार नाही. एकटं शेतघर, भोवती काळोखं रान, आत जाळ आणि बाहेर काहीतरी हलतंय. फ्लॅटमधल्या मुलासाठी ही कल्पना आहे. जागलीवरच्या मुलासाठी ती कालची रात्र आहे.

तिसऱ्या भेटीत मी पऱ्हाट्यांवर आले. “एवढी मोठी शेकोटी का केलीस?”

“थंडी होती.”

“आठ दिवसांची?”

बराच वेळ गेला. “ते आगीले भेतात,” तो म्हणाला.

सिनेमात तसंच आहे. ते जाळाला घाबरून मागं सरतात. पोरगं जागल टाळत नव्हतं, रात्रभर खोपडीचं रक्षण करत होतं, आणि बापाला त्यातल्या फक्त जळालेल्या पऱ्हाट्या दिसल्या होत्या. मी काही न बोलता थांबले. अशा वेळी “असं काही नसतं रे” म्हणायची घाई फार होते. ते वाक्य खरं असलं तरी मुलाचं तोंड बंद करतं.

मग त्यानंच विचारलं, “मॅडम, ते आपल्या माणसाले ओळखत नाईत ना? भाऊ असून बहिणीले ओढते.”

“नाही ओळखत.”

“मंग आबा उठले तर मले ओळखतीन काय?”

त्याचे आजोबा पोळ्याच्या आठवड्यात गेले होते. त्या घराच्या रीतीप्रमाणे त्यांना स्वतःच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माती दिली होती, खोपडीपासून चाळीसेक पावलांवर. आणि जायच्या आधी चार-पाच महिने आबांना विसर पडत चालला होता. ज्या नातवाला खांद्यावर बसवून बाजारात नेलं, त्यालाच ते दुसऱ्या नावानं हाक मारत. घरात यावर कुणी बोललं नव्हतं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

इथं मला एक गोष्ट उमगली, आणि नंतरच्या कितीतरी मुलांसोबत ती कामी आली. आपल्या गोष्टींतलं भूत माणसाला ओळखतं. मुंजा नाव घेऊन हाक मारतो. हडळ कुणाची तरी वाट अडवते, तिला काहीतरी हवं असतं, ते दिलं की ती सोडते. आजीच्या गोष्टी ऐकून मुलं भितात आणि तिच्याच कुशीत झोपतात, कारण त्या भुताशी नातं असतं. झोंबीला नाव नाही, मागणं नाही, नातं नाही. अंग तेच आणि ओळख गेलेली. ज्या मुलानं घरात असा म्हातारा पाहिला आहे, त्याच्यासाठी ही नवी भीती नव्हेच. म्हणून दाखवायचा का हे ठरवताना मी वयाइतकंच हे विचारते: घरात अलीकडे कुणी गेलं का, कुणाला विसर पडलाय का, मुलानं अपघात पाहिलाय का? आणि किती महिने झाले यापेक्षा, त्यावर घरात बोलणं झालंय का? झालं नसेल तर सिनेमा थांबवावा आणि आधी ते बोलावं.

पुढच्या भेटीला मी बापाला सोबत बसवलं. मुलाला विचारलं, आबा तुला कोणत्या नावानं हाक मारायचे? त्यानं नाव सांगितलं. बाप एकदम वर पाहायला लागला.

“ते माह्यं नाव हाये मॅडम. घरातलं. लहानपणचं.” मग मुलाकडं वळून म्हणाला, “तुले पाहून त्यायले मी दिसत होतो बावा. तुह्याएवढा असतानाचा.”

मुलगा रडला. बापही. मला त्यात भर घालायची गरज नव्हती. इतके आठवडे मी जे शोधत होते ते त्या बापाकडं पडून होतं, त्याला फक्त समोर बसवायचं होतं.

टाळत राहिलं की भीती मुरत जाते, या मताची मी आहे. म्हणून त्यानंतर वावराकडं पायरी पायरीनं गेलो. आधी दुपारी बापासोबत धुऱ्यावर, आबांच्या जागेवर बसून शिदोरी खायची. मग दिवस मावळेपर्यंत थांबायचं. मग रात्री नऊपर्यंत, शेकोटी नेहमीएवढीच ठेवून. एक पायरी तीन-चार वेळा जमली आणि छातीतली धडधड बसू लागली की पुढची. चूक होते ती दोन ठिकाणी. बाप एकदम पूर्ण रात्रीवर नेतो, किंवा आई कळवळून मधूनच घरी आणते. धडधड चढलेली असताना घरी आणलं तर मूल एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

सिनेमा आम्ही जानेवारीच्या अखेरीस दाखवला. बापानं आधी एकट्यानं पाहिला. इंग्रजी समजलं नाही तरी चालतं, पण आवाज बंद करून पाहू नये, निम्मी भीती आवाजात आहे. प्रत मूळचीच आहे ना हे तपासलं: 1968, कृष्णधवल, 96 मिनिटं. रंग भरलेल्या प्रती फिरतात. 1990 चा त्याच नावाचा रंगीत सिनेमा वेगळा आहे, आणि रोमेरो यांचाच 1978 चा पुढचा सिनेमा कितीतरी जास्त रक्ताळलेला आहे. कुठं थांबायचं त्या वेळा बापानं कागदावर लिहिल्या: जिन्यावरचं प्रेत, गाडीचा स्फोट, तळघर.

वेळ निवडली रविवारी सकाळी दहाची, म्हणजे झोपेच्या आधी अख्खा दिवस हाताशी राहतो. फोन टीव्हीला जोडला. इअरफोन नको, त्यानं आवाज डोक्यात शिरतो आणि मूल एकटं पडतं. आठ वर्षांच्या बहिणीला मावशीकडं पाठवलं. दोन खोल्यांच्या घरात “तू तिकडं बस” म्हणण्याला अर्थ नाही, भिंतीतून किंकाळ्या ऐकणं हे पाहण्याहून वाईट. मित्रांना बोलावलं नाही. चार मित्रांत बसलेलं पोरगं “भित्रा” म्हणवून घ्यायच्या धास्तीनं उठत नाही. रिमोट मुलाच्या हातात दिला आणि आधीच सांगितलं, बंद केलंस तर कुणी कारण विचारणार नाही. त्यानं दोनदा थांबवलं. एकदा पाणी प्यायला, एकदा तळघराच्या आधी. तळघराचा भाग त्यानं स्वतःहून पुढं ढकलला. तेही चालतं.

नंतरचे चार दिवस बघायचे असतात. पहिल्या एक-दोन रात्री झोप उशिरा लागणं, दिवा राहू दे म्हणणं, यात काळजीचं काही नाही. दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण किंवा शाळा बिघडलेली असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावं किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावं. या मुलाला तशी वेळ आली नाही.

सिनेमा संपल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तो झोंबींबद्दल नव्हता. “बाबा, त्या बेनले काहून मारलं? तो तं चांगला होता.”

बाप थोडा वेळ विचार करत बसला. “त्यायनं आवाज नाई देल्ला,” तो म्हणाला. “आपण जागलीत काय करतो? काही हाललं तं पयले आवाज देतो. कोण हाय म्हणून इचारतो. मंग दगड. त्यायनं इचारलंच नाई.”

त्या रात्री मुलगा नऊपर्यंतच थांबणार होता, तो पहाटेपर्यंत थांबला. तीनच्या सुमारास धुऱ्याच्या अंगानं कुणाची तरी बॅटरी हलत आली. शेजारच्या वावरातले काका पाणी बदलायला निघाले होते. बाप सांगतो, तो बाजेवरून उठायच्या आतच खोपडीतून मुलाचा खणखणीत आवाज गेला होता: “कोण हाय?”