व्हीआर हेडसेट घातला की मळमळतं. मन कमकुवत आहे म्हणून होतं का? सवयीनं जातं का?

मन कमकुवत हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझा मेव्हणा भेटला होता काय? त्याचं हे ठरलेलं वाक्य आहे.

मी बेळगावहून गोव्याला भाजीचा टेम्पो नेतो. चोर्ला घाटातनं, चौदा वर्षं. शेजारी बसलेले क्लीनर ओकले, मला कधी साधं मळमळलं नाही. दिवाळीला शहापुरात मेव्हण्याच्या पोरानं सोप्यात खुर्चीवर बसवून डोळ्यांवर तो हेडसेटचा डबा चढवला आणि रोलरकोस्टर लावला. पहिल्याच उताराला माझा उजवा पाय ब्रेक शोधायला लागला. खाली नुसती फरशी. हात स्टिअरिंगला गेले, तिथं हवा. दोन मिनिटांत कपाळाला गार घाम, तोंडाला पाणी सुटलं. परड्यापर्यंत पोचलोच नाही, खाल्लेल्या करंज्या दारातच. "काय दाजी, घाटातले वाघ ना तुम्ही!" सगळं घर हसलं. बायकोपण.

अहो, डोळे सांगतात गाडी सुटली, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो तो सांगतो, बसलायस की खुर्चीत. या भांडणात पोट ढवळतं. घाटात वळण माझ्याच हातानं घेतलेलं असतं, अंगाला पुढचं आधीच कळतं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या क्लीनरला ते कळत नाही. त्या डब्यात मी क्लीनर झालो होतो, एवढंच. यात मन कुठं आलं?

नंतर त्याच पोरानं उभ्यानं ठोकळे तोडायचा खेळ लावला. अर्धा तास हाणले, काही झालं नाही. तेव्हा तुम्ही स्वतः हलाल तेवढंच चित्र हलेल असे खेळ घ्या. खेळात हातातल्या कंट्रोलरच्या काडीनं सरकत चालण्याऐवजी एका जागेवरनं थेट दुसऱ्या जागी पोचायची सोय असेल तर ती लावा. तुमचा हेडसेट क्वेस्ट २ असेल तर त्याची भिंगं ५८, ६३, ६८ मिलिमीटरवर सरकतात, डोळ्यांतलं अंतर बघून बसवा. पाच-दहा मिनिटांनी उतरवा. घाम आला की लगेच बंद, दामटलं तर वाढतं. अशी थोडी-थोडी सवय बऱ्याच जणांना होते.

सगळ्यांना होतेच असं नाही हं. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उतरवल्यावर लगेच गाडी चालवू नका. त्या रात्री मी मेव्हण्याच्या स्कूटरवर मागं बसून घरी गेलो. ते तो अजून चारचौघांत सांगतोय.