जर्मनीत मुलाला ‘आंगिना’ झालाय असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. हा हृदयाचाच अंजायना का?

ताप, गिळताना दुखणं आणि कागदावर ‘आंगिना’, एवढं तुम्ही सांगितलंय. त्यावरून तरी हे टॉन्सिलचं दुखणं दिसतं. भाषांतराच्या अ‍ॅपने इंग्रजी अर्थ उचलला आणि तुमची झोप उडवली.

खात्री करायची तर कागदावर आजाराचा कोड शोधा. ‘जे ०३’ म्हणजे टॉन्सिलची तीव्र सूज, ‘आय २०’ म्हणजे हृदयाचा अंजायना. कोड नसेल तर पुढचा शब्द पाहा: ‘टॉन्सिलारिस’ असेल तर घसा, ‘पेक्टोरिस’ असेल तर छाती. औषधावरूनही कळतं. पेनिसिलिन घशासाठी देतात, जिभेखाली मारायचा नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे हृदयासाठी.

खरं तर चुकीचा अर्थ जर्मनांचा नाही, वाट बदलली ती इंग्रजीने. लॅटिनमध्ये ‘आंगिना’ म्हणजे घसा सुजून श्वास कोंडणं. मुळाशी ग्रीक ‘आंखोने’, गळा आवळणं. लॅटिन ‘आंगेरे’ म्हणजे आवळणं, जर्मन ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती आणि ‘एंग’ म्हणजे अरुंद. ही सगळी एकाच धातूची पोरं. संस्कृतातलं ‘अंहस्’, म्हणजे संकट किंवा पाप, हेही त्याच घरातलं.

१७६८ मध्ये विल्यम हेबर्डन यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे एका छातीच्या दुखण्याचं वर्णन वाचलं; ते १७७२ मध्ये छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबलं की बरं वाटतं. त्याला त्यांनी ‘अंजायना पेक्टोरिस’, म्हणजे छातीचा आंगिना, असं नाव दिलं. पुढे इंग्रजांनी बोलताना ‘पेक्टोरिस’ गाळलं आणि आपण तो तोकडा शब्द तसाच घेतला.

जर्मन, पोलिश, चेक, रशियन या भाषांत नुसता ‘आंगिना’ घशातच राहिला. फ्रेंच ‘आंझीन’ही घशाचाच, हृदयाचा सांगायचा तर ‘आंझीन द प्वात्रीन’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये अनेकवचनी ‘आंखिनास’ म्हणजे घसा, ‘आंखिना दे पेचो’ म्हणजे छाती. रशियनमध्ये हृदयाला वेगळाच शब्द आहे: ‘स्तेनोकार्दिया’. त्याचं जुनं नाव मात्र भन्नाट, ‘ग्रुदनाया झाबा’, छातीतला बेडूक! ग्रीकांनी घशाच्या सुजेला ‘किनांखे’ म्हटलं, त्यात कुत्रा आहे. आपण डिप्थेरियाला घटसर्प म्हणतो. घशात प्राणी शिरल्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचलेली दिसते.

इंग्रजीतही जुना अर्थ पुरता गेलेला नाही. जबड्याखालच्या संसर्गाला अजून ‘लुडविग्ज अंजायना’ म्हणतात, त्याचा हृदयाशी काही संबंध नाही.

उलटी चूक जास्त महागात पडू शकते. घरातलं कुणी हृदयरुग्ण तिकडे राहायला जाणार असेल, तर तिथल्या डॉक्टरांना नुसतं ‘अंजायना’ सांगू नका, ऐकणारा आधी घसा समजेल. औषधांच्या यादीवर ‘आंगिना पेक्टोरिस’ असं पूर्ण नाव लॅटिन लिपीत लिहून द्या. आणि छातीत दुखायला लागलं तर आजाराचं नाव सांगत बसण्यापेक्षा ‘ब्रुस्टश्मेर्त्सेन’, छातीत दुखतंय, एवढंच म्हणा आणि ११२ लावा.